साधी उकडलेली शेवंड कुठे मिळेल? (मसाला नको, चीज तर नकोच)

मुगाची_खिचडी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:१२

मंडळी, आयडीवर जाऊ नका, प्रश्न मासे खाणाऱ्यांसाठीच आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७९ वर्षांचे आहेत. मूळ गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्गाच्या बाजूला. सतराव्या वर्षी मुंबईला आले, नोकरी तिथेच झाली, आता आमच्याकडे पुण्यात असतात. गेल्या महिन्यात त्यांना नवी कवळी बसवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच म्हणाले, "आता एकदा शेवंड खाऊया."

त्यांच्या डोक्यात जी शेवंड (हॉटेलवाल्यांचा लॉब्स्टर) आहे ती अशी: त्यांचे काका रात्री खडपाजवळ जाळं लावायचे, पहाटे काढायचे. मोठ्या शेवंडी व्यापाऱ्याकडे जायच्या. पाय तुटलेली, लहानशी एखादी घरच्या पोरांना मिळायची. ती किनाऱ्यावरच डेचकीत, समुद्राच्या पाण्यात, नारळाची सोडणं पेटवून उकडायची. हळद नाही, तिखट नाही, काही नाही. साठ वर्षांत तशी परत खाल्ली नाही म्हणतात.

मी उत्साहाने त्यांना पुण्यातल्या एका नावाजलेल्या सी-फूड हॉटेलात घेऊन गेले (नाव लिहीत नाही, वाद नको). वेटरला तीनदा सांगितलं, साधी उकडून द्या, फार तर थोडं लोणी. त्याने तीनदा "येस मॅम" म्हटलं. आलं ते दोन फाकांमध्ये चिरलेलं कवच, आत पांढरा सॉस, वर भाजलेलं चीज आणि त्यावर कोथिंबिरीची काडी. अण्णांनी काट्याने चीजचा पापुद्रा उचलला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यां पनीर काय?" मेनूत किमतीच्या जागी ए.पी.एस. लिहिलं होतं. बिल आल्यावर त्याचा अर्थ कळला.

तर मुंबई, कोकण, गोवा, कुठेही चालेल. गाडीने जायची तयारी आहे. नुसती ताजी शेवंड नीट उकडून किंवा भाजून देणारी जागा सुचवा.

तांबडा_रस्सा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:३१

कोल्हापूरला या. उकडून देऊ, पण वर रस्सा ओतल्याशिवाय आमचा आचारी ताट बाहेर सोडणार नाही.

भाऊचा_धक्का | ९ ऑक्टोबर, रात्री ११:०५

खिचडीताई, हे दुःख आम्हा मुंबईकरांनाही आहे. जागा आहेत, पण एक गोष्ट आधी समजून घ्या. नुसतं हॉटेलचं नाव कळून उपयोग नाही, त्या दिवशी त्यांच्याकडे काय आलंय ते कळलं पाहिजे.

फोर्टातलं महेश लंच होम, काळा घोड्याजवळचं तृष्णा, पार्ल्याचं गजाली ही मला माहीत असलेली नावं. तृष्णाची ख्याती बटर-पेपर-गार्लिक खेकड्याची. लॉब्स्टर मागवला तरी बहुतेक लोक त्याच तयारीत घेतात. तुम्हाला लसूणही नको असेल तर टेबलावर बसून सांगू नका, आदल्या दिवशी फोनवर सांगा. वेटर आत जाऊन काय सांगतो ते आपल्या हातात नसतं. फोनवर कॅप्टनशी बोललात की तो लिहून ठेवतो.

माझी पद्धत सांगतो. सकाळी अकराच्या सुमारास फोन करायचा, कारण तोवर ससून डॉकचा किंवा भाऊच्या धक्क्याचा माल हॉटेलात पोचलेला असतो. "लॉब्स्टर आहे का" असं विचारायचं नाही. त्याला उत्तर नेहमी "आहे"च येतं. विचारायचं, "आज जिवंत आलीय का? किती वजनाची?" पलीकडचा माणूस वजन सांगायला अडखळला तर समजायचं की माल फ्रीजरमध्ये आहे.

आणि ए.पी.एस. म्हणजे ॲज पर साइज. ऑर्डर देण्याआधी शेवंड टेबलावर मागवा, वजन विचारा, किलोचा भाव विचारा, गुणाकार स्वतः करा. यात लाज कसली? आपण मंडईत करतोच की.

निवांत_शाकाहारी | १० ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मी खात नाही, वाचायला आवडतं. शेवंड आणि लॉब्स्टर एकच का? इंग्रजी चित्रांत लॉब्स्टरला दोन मोठ्या नांग्या दिसतात. मुंबईच्या बाजारात पाहिलेल्या शेवंडीला फक्त लांबलचक मिशा होत्या.

मत्स्यगंधा०७ | १० ऑक्टोबर, सकाळी ९:४५

चांगला प्रश्न. (मत्स्यशास्त्र शिकले आहे, त्यामुळे थोडं सहन करा.)

आपल्या समुद्रात मिळते ती काटेरी शेवंड, पॅन्युलिरस प्रजातीतली. हिला नांग्या नसतात. पाठीवर काटे आणि शरीरापेक्षा लांब मिशा असतात. नांगीवाला तो अमेरिकेच्या आणि युरोपच्या थंड पाण्यातला होमॅरस. तो आपल्याकडे सापडत नाही. त्यामुळे इथल्या हॉटेलात चित्रात नांगीवाला आणि ताटात मिशीवाली असं झालं तर फसवणूक समजू नका, चित्र इंटरनेटवरून उचललेलं असतं.

मुंबई आणि उत्तर कोकणात जास्त येते ती पॉलिफेगस. हिरवट-राखाडी रंग आणि शेपटीच्या प्रत्येक पेरावर फिकट आडवा पट्टा. ती गाळवट तळावर राहते. खडकाळ भागात होमारस मिळते (त्या प्रजातीचं नाव होमॅरस आणि या जातीचं नाव होमारस, गोंधळ माझा नाही, शास्त्रज्ञांचा आहे). ऑर्नेटस अंगाने मोठी होते आणि भावही तसाच खाते.

शिवाय एक चपटी शेवंड असते, थेनस. मिशांच्या जागी फावड्यासारखे दोन पाते. मुंबईपुढच्या समुद्रात ती एकेकाळी भरपूर होती. ट्रॉलरनी इतकी उपसली की १९९४ पर्यंत तिथली मासेमारीच कोसळली. "बेबी लॉब्स्टर" म्हणून कुणी हातभर लांबीचं नाही, बोटभर काही वाढलं तर एक तर ती ही असते किंवा चक्क पिल्लू असतं.

पिल्लावरून आठवलं. २००३ साली केंद्राच्या वाणिज्य खात्याने निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली: पॉलिफेगस ३०० ग्रॅम, होमारस २००, ऑर्नेटस ५००, थेनस १५०. हा नियम निर्यातीचा आहे, पण आपणही ताटात ३०० ग्रॅमच्या खालची मागवू नये असं मला वाटतं. शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोस असेल तर ती परत करा. गाभोळीचा मोह आवरा.

तांबडा_रस्सा | १० ऑक्टोबर, सकाळी ९:५८

फावड्याची शेवंड! वाचनखूण साठवली.

किचनमागून | १० ऑक्टोबर, दुपारी ४:१०

पंधरा वर्षं हॉटेलांच्या भटारखान्यात काढली आहेत, आता स्वतःचं छोटं केटरिंग आहे. खिचडीताईंना "साधी" का मिळत नाही ते आतल्या बाजूने सांगतो.

शेवंड मेली की तिचं मांस फार लवकर बिघडतं. पोटातले पाचक रस स्वतःच्याच मांसावर काम सुरू करतात. काही तासांत तंतू सुटतात आणि शिजवल्यावर ते पिठूळ, ओलसर लागतं. अशा मालावर आचारी काय करणार? आलं-लसूण, लोणी, क्रीम, चीज. सॉस जेवढा दाट तेवढा माल जुना असण्याची शक्यता जास्त. नेहमीच असं असतं असं नाही, पण मी इतक्या वेळा पाहिलंय की सांगायला हरकत नाही.

दुसरं कारण साधं आहे. चीज घातलेल्या पदार्थाला गिऱ्हाईक सहज पैसे देतं. उकडलेली शेवंड आणि लिंबाची फोड पुढे ठेवली तर म्हणतं, "एवढे पैसे घेतले आणि केलं काय?" त्यामुळे मालकालाही ती मेनूवर नको असते.

तिसरं कारण वेळेचं. गर्दीच्या संध्याकाळी कुणी कच्ची शेवंड शिजवत बसत नाही. दुपारीच उकडून ठेवतात आणि ऑर्डर आली की तव्यावर किंवा तंदूरमध्ये पुन्हा गरम करतात. म्हणजे ती दोनदा शिजते आणि रबर होते. म्हणून शनिवारी रात्री जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी साडेबाराला जा, आचाऱ्याला उसंत असते.

ताटात आल्यावर ताजेपणा कसा ओळखायचा: अख्खी उकडलेली असेल तर शेपटीकडे बघा. जिवंत शिजवलेल्या शेवंडीची शेपटी पोटाकडे घट्ट वळलेली असते. ओढून सोडली की परत वळते. शेपटी सरळ, लुळी पडली असेल तर ती भांड्यात जाण्याआधीच गेलेली होती. चिरून भाजलेलीला ही खूण लागू नाही. तिथे मांस बघा: पांढरं, भरीव, कवचातून एका तुकड्यात सुटणारं हवं. चमच्याने खरवडावं लागलं तर गडबड आहे.

उकडून द्यायला तयार नसतील तर दुसरा साधा मार्ग ग्रिलचा. पण "कच्चीच उभी चिरून, कवच खाली ठेवून, फक्त लोणी आणि मीठ लावून भाजा" असे शब्द वापरा. नुसतं "ग्रिल्ड" म्हणालात तर मॅरिनेशन आलंच.

घरी करणार असाल तर पाण्याला समुद्राइतकं मीठ हवं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. पाणी खळखळलं की शेवंड आत सोडा. अर्धा किलोची असेल तर आठ-दहा मिनिटं पुरतात. बाहेर काढून लगेच खायची. पाण्यातच ठेवून गप्पा मारायच्या नाहीत.

निवांत_शाकाहारी | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३३

जिवंत उकळत्या पाण्यात? मी धागा इथेच सोडतो.

किचनमागून | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०२

थांबा हो. आक्षेप बरोबर आहे. स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून बेशुद्ध न करता जिवंत उकळण्यावर बंदीच घातली. मी स्वतः आधी अर्धा तास बर्फाच्या गाळात गाडून ठेवतो, ती सुन्न होते. मग डोक्यामागे सुरीचं टोक एकदाच खोल घालून लगेच पाण्यात. पाण्यात धडपड होत नाही आणि मांसही आखडत नाही.

निवांत_शाकाहारी | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

सुरीची माहिती नको होती, पण धन्यवाद. धागा सोडलेला नाही.

बॉस्टनकर | ११ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

धागाकर्तीने विचारलेलं जे आहे ते इथे रस्त्याच्या कडेला मिळतं, म्हणून जळवायला आलोय.

अमेरिकेतल्या मेन राज्यात "लॉब्स्टर पाउंड" नावाचा प्रकार असतो. हॉटेल म्हणण्यापेक्षा टपरीच. माउंट डेझर्ट बेटावर जाताना पुलाच्या अलीकडे ट्रेंटन ब्रिज लॉब्स्टर पाउंड लागतं. बाहेर रांगेने विटांच्या चुली, त्यांवर मोठी भांडी, भांड्यांत समुद्राचं पाणी आणि खाली लाकडाचा जाळ. दुरूनच धूर दिसतो. टाकीतला लॉब्स्टर तुम्ही निवडायचा, ते वजन करणार, जाळीच्या पिशवीत घालून भांड्यात सोडणार. वीसेक मिनिटांनी ट्रेमध्ये लॉब्स्टर, वाटीभर वितळलेलं लोणी, मक्याचं कणीस आणि कवच फोडायचा अडकित्ता. (अडकित्ताच म्हणतो मी त्याला. आजीच्या पानाच्या डब्यातल्यापेक्षा फार वेगळा नाही.) मसाला मागाल तर काउंटरवरची मुलगी मिरपूड दाखवेल.

खिचडीताई, तुमच्या अण्णांची डेचकी वाचली आणि तीच चूल आठवली. सोडणांच्या जागी ओंडके, बाकी तेच.

उन्हाळ्यात कात टाकलेले, मऊ कवचाचे लॉब्स्टर येतात, त्यांना इथे शेडर म्हणतात. मांस कमी, पण गोड, आणि कवच हाताने मोडतं. नव्या कवळीवाल्यांसाठी उत्तम. मेनमध्ये धडाच्या कवचाची लांबी सव्वातीन इंचांपेक्षा कमी किंवा पाच इंचांपेक्षा जास्त असेल तर लॉब्स्टर परत समुद्रात सोडावा लागतो. अंडी असलेली मादी सापडली तर शेपटीच्या पात्याला इंग्रजी व्हीसारखी खाच मारून सोडतात. पुढे ती दुसऱ्या कुणाच्या सापळ्यात आली तरी खाच बघून तो तिला सोडून देतो. आपल्याकडे असं काही का होऊ नये, मत्स्यगंधा?

मत्स्यगंधा०७ | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

तिकडे सापळ्याने पकडतात, मादी धडधाकट वर येते. आपल्याकडे बहुतेक वेळा तळाला लावलेल्या जाळ्यात किंवा ट्रॉलमध्ये. जाळ्यातून सोडवेपर्यंत निम्मे पाय तुटलेले असतात. तरी जमेल तिथे सोडायलाच हवं. त्यात चांगली, जिवंत, अख्खी शेवंड विमानाने पूर्वेकडच्या देशांत जाते, म्हणून हॉटेलपर्यंत येणारा माल आधीच चाळलेला असतो. अण्णांच्या लहानपणी मोठी व्यापाऱ्याकडे आणि मोडकी घरी, तेच अजून चालू आहे.

हर्णैवाला | ११ ऑक्टोबर, दुपारी १:३०

हॉटेल शोधताय कशाला? मासळी स्वतः घ्या आणि शिजवून घ्या. दापोलीजवळ हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो. होड्या किनाऱ्याला लागतात, बैलगाड्यांतून माल वाळूवर येतो. लिलावात उतरायची गरज नाही. घेणाऱ्या बायका तिथेच किरकोळीत विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्यायची. मग मुरूड, कर्दे, आंजर्ले या भागात जिथे उतराल तिथे आधी विचारून ठेवा, बरेच घरगुती राहण्या-जेवणाचे लोक आणलेली मासळी करून देतात.

फक्त एक. शेवंड रोज येईलच असं नाही. कोळंबी, सुरमई, पापलेट हमखास, शेवंड नशिबाने. आणि १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा कुणी "ताजी" म्हणाला तर हात जोडून पुढे जायचं.

गोंयकार_बाब | ११ ऑक्टोबर, रात्री ९:००

गोव्याबद्दल थोडक्यात. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये संध्याकाळी बर्फाच्या ताटात मांडलेली शेवंड दिसते. ती रोज संध्याकाळी मांडतात आणि रात्री उरली तर आत ठेवतात, एवढं लक्षात ठेवा. मला एकदा एकच तुटक्या मिशीवाली शेवंड लागोपाठ दोन संध्याकाळी भेटली होती. तिसऱ्या दिवशी ती नव्हती, कुणाच्या तरी पोटात गेली असणार. डोळे खोल गेलेले, डोकं आणि शेपटीच्या सांध्याशी काळपट रंग किंवा अमोनियासारखा वास असेल तर घेऊ नका. दक्षिणेकडे, साळ नदीच्या मुखाशी बेतूलच्या धक्क्यावर सकाळी जा आणि मुक्कामाच्या जागी करून घ्या.

दांडेश्वर | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

मी मालवणचा. ताई, अण्णांना इकडेच आणा. देवगडच्या माणसाला मुंबईचं बटर गार्लिक कशाला?

मोठ्या हॉटेलांत जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिथे शेवंड म्हणजे "शेवंड मसाला" किंवा "तंदुरी". घरगुती खानावळ किंवा होमस्टे बघा, जिथे बाई स्वतः चुलीपाशी असते. दांडीच्या किनाऱ्यावर आणि बंदर जेटीपाशी मासळी येते, मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात एक-दोन घरांचे नंबर देतो. नोव्हेंबरात या. दोन रात्री तरी राहा, एका दिवसात शेवंड मिळेलच याची हमी खुद्द आमचा देव दांडेश्वरही देत नाही.

आणि ज्यांच्याकडे उतराल त्या वहिनींना आधीच पटवा. आमच्याकडे पाहुण्याला वाटणाशिवाय वाढणं म्हणजे अपमान. त्या ऐकणार नाहीत.

मुगाची_खिचडी | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

दांडेश्वर, निरोप पाहिला, आभार. अण्णांना धागा मोठ्याने वाचून दाखवला. मेनच्या चुलींपाशी "परत वाच" म्हणाले. गोव्याच्या तुटक्या मिशीवर पाच मिनिटं हसत होते.

भाऊचा_धक्का | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

वृत्तांत टाका. फोटोशिवाय फाऊल.

मुगाची_खिचडी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:४८

वृत्तांत.

गेल्या आठवड्यात तीन रात्री मालवणला होतो. पहिल्या संध्याकाळी शेवंड नाही. वारा होता, लहान होड्या गेल्याच नव्हत्या. बांगडे आणि मोरी खाल्ली, अण्णांनी तोंड पाडलं नाही पण दोनदा विचारलं, "उद्या वारो पडात ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे दांडेश्वरांचा फोन. दोन शेवंडी होत्या, एक ६५० ग्रॅमची आणि एक ४०० ची, दोन्ही जिवंत. मी ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणल्या. गाडीत मागच्या सीटवर गोणपाट करकरत होतं. शेवंड मिशांच्या बुडाशी घासून असा आवाज काढते हे मला माहीत नव्हतं. माझा मुलगा पाय वर घेऊन बसला.

घरच्या वहिनींना मी सांगितलं, फक्त उकडा. त्या म्हणाल्या, "बरां." मग आत गेल्या आणि खोबरं खवायचा आवाज यायला लागला. मी परत गेले. "वहिनी, वाटण नको." "तां आमका." पाचव्यांदा सांगितल्यावर त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, "ताई, म्हाताऱ्यांका पथ्य आसा काय?"

पाण्यावरून वाद झाला. अण्णांना समुद्राचंच हवं होतं. वहिनी म्हणाल्या, जेटीजवळचं पाणी डिझेलचं, मी नाही आणणार. किचनमागून यांचे ३५ ग्रॅम मी मोबाइलवर दाखवले. घरात वजनकाटा नव्हता. शेवटी वहिनींनी पातेल्यात मूठ-मूठ मीठ टाकलं आणि दर मुठीला अण्णांना पळीभर पाणी चाखायला दिलं. तिसऱ्या मुठीला अण्णांनी हात वर केला.

बर्फात आधी अर्धा तास ठेवल्या (शाकाहारींसाठी नोंद). पुढचं काम वहिनींनी केलं, मी बघितलं नाही. मोठीला बारा मिनिटं दिली, छोटीला आठ. राखाडी-हिरवी आत गेली आणि विटेच्या रंगाची बाहेर आली. दोघींच्या शेपट्या घट्ट वळलेल्या. मी ओढून सोडून बघितल्या, किचनमागून, परत वळल्या.

मग अण्णांनी पुढे सरकून मोठी स्वतःकडे घेतली. पिरगाळून शेपटी धडापासून वेगळी केली. एक मिशी मुळाशी मोडली, तिचं मोडलेलं, बुडाकडचं टोक शेपटीखालच्या भोकातून आत सारलं, हलकेच फिरवली आणि ओढली. काळा दोरा अख्खा मिशीला गुंडाळून बाहेर आला. मिशीचे बारीक काटे शेंड्याच्या दिशेला असतात, ओढताना ते दोरा धरतात. वहिनी बघतच राहिल्या. मी ५१ वर्षं या माणसाची मुलगी आहे आणि हे त्यांना येतं हे मला ठाऊक नव्हतं.

शेपटीतलं मांस त्यांनी आम्हाला वाटून टाकलं. स्वतः मिशांच्या बुडाचे जाड तुकडे घेतले आणि एकेक पाय दातांत धरून चोखत बसले. तेवढ्यात कवळी निघाली, ती बशीत ठेवली आणि पुढे चालू. लिंबूही घेतलं नाही.

चव? मला वाटलं होतं कोळंबीची मोठी बहीण असेल. तशी नाही. घट्ट, किंचित गोड आणि शेवटी खारट. लोणी लावून एक घास खाल्ला, चांगला लागला, पण मग परत बिनलोण्याचाच घेतला.

सगळं संपल्यावर मी विचारलं, "अण्णा, तशीच होती?" ते म्हणाले, "मीठ कमी पडलां."

फोटो एकच आहे, कवळीचा. तो टाकत नाही.

किचनमागून | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मिशीची युक्ती वाचून खुर्चीतून उठलो. आमच्याकडे नव्या पोरांना शिकवायला तीन दिवस जातात. अण्णांना नमस्कार सांगा. आणि मिठाचं ते बरोबर बोलले, तीन मुठी पाच-सहा लिटरला कमीच.

बॉस्टनकर | २५ नोव्हेंबर, पहाटे ४:५५

पाय चोखणारा माणूसच खरा. इथे लोक पाय टाकून देतात, मी शेजारच्या टेबलावरचे मागून घ्यायचा विचार करत असतो.

भाऊचा_धक्का | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

भाव सांगा की. तेवढंच राहिलं.

मुगाची_खिचडी | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

दोन्ही मिळून पुण्यातल्या त्या चीजवाल्या बिलाच्या निम्म्याहून कमी. शिजवण्याचे पैसे वहिनी घेतच नव्हत्या, "नुसतां पाणी तापवलंय, तेचे कसले पैशे?" म्हणाल्या. शेवटी जेवणाच्या ताटांचे धरून जबरदस्तीने दिले.

तांबडा_रस्सा | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:५२

ते सगळं ठीक. पण खोबरं खवलं होतं त्याचं काय झालं?

मुगाची_खिचडी | २५ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

वाटण झालंच होतं. रात्री त्यात कोळंबी पडली. अण्णांनी दोनदा भात घेतला.